कर्बवायूपासून इंधन : तांब्याचा गुण आणि विजेचा हिशेब

‘धुरापासून पेट्रोल’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून छापून येते. ती बहुधा खोटी नसते. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, विरघळलेल्या पाण्यात वीज सोडली की ऋणाग्रावर फॉर्मिक आम्ल मिळू शकते, हे रॉयर नावाच्या रसायनज्ञाने १८७० मध्येच दाखवले होते. दीडशे वर्षे झाली, पंपावर मात्र काही आले नाही. माझ्या मते गाडी अडली आहे ती अग्राच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या, टिकाऊपणावर आणि विजेच्या बिलावर.

जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरी यांनी १९८०च्या दशकात मोठ्या चिकाटीचे काम केले. द्रावण पोटॅशियम बायकार्बोनेटचे; धातू तेवढा बदलायचा आणि काय निघते ते मोजायचे. शिसे, कथील, इंडियम यांवर मुख्यतः फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचाच क्षार, मिळाले. सोन्या-चांदीवर कार्बन मोनॉक्साइड. निकेल आणि प्लॅटिनमवर जवळजवळ नुसता हायड्रोजन, म्हणजे कर्बवायू बाजूलाच राहिला आणि पाणी फुटले. तांब्यावर मात्र मिथेन निघाला, इथिलीन निघाले, थोडे अल्कोहोलसुद्धा!

याचे कारण पृष्ठभागाच्या पकडीत आहे. वाटेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड चांदी धरून ठेवत नाही, तो लगेच निसटतो. प्लॅटिनम त्याला इतका घट्ट धरते की पुढे काही घडतच नाही. तांब्याची पकड मधली असल्यामुळे त्यावर दोन रेणू शेजारी थांबतात आणि कार्बनला कार्बन जोडला जातो. हा सगळा खेळ वरच्या थराचा. आपल्या तांब्याच्या पातेल्याला कल्हई केली, तर आत तांबे असूनही ते अग्र म्हणून कथलासारखेच वागेल!

म्हणूनच तांब्याचे नखरेही फार. द्रावणातल्या मिठात लोखंडाचा किंवा जस्ताचा नुसता अंश असला, तरी तो तांब्यावर जाऊन बसतो. मग मिथेन आणि इथिलीन घटत जातात आणि हायड्रोजनचे बुडबुडे वाढतात. होरींनी यावर तोड काढली ती अशी : प्रयोगाआधी त्याच द्रावणात दुसरे अग्र घालून बराच वेळ वीज सोडायची, म्हणजे मळ त्या अग्रावर जातो. प्रयोगशाळेत हे चालते. कारखान्यात रोज हजारो लिटर द्रावण असे कोण धूत बसणार?

दुसरी अडचण पाण्याची. २५ अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम कर्बवायू विरघळतो, त्यामुळे पाण्यात बुडवलेले अग्र उपाशीच राहते. यावर उपाय म्हणजे सच्छिद्र अग्र : एका बाजूने वायू, दुसऱ्या बाजूने द्रावण, आणि मध्ये तांब्याचा पातळ थर. टोरांटो विद्यापीठातल्या सार्जंट यांच्या गटाने २०१८ मध्ये या थराला टेफ्लॉनच्या पाणीरोधक पडद्याचा आधार दिला. सुमारे ७० टक्के वीज इथिलीनकडे वळली आणि अग्र १५० तास टिकले. त्या क्षेत्रात हा मोठा पल्ला मानला गेला. पण १५० तास म्हणजे आठवडासुद्धा नव्हे. शिवाय अशा अग्राबरोबर वापरलेले अल्कधर्मी द्रावण कर्बवायू गिळून त्याचे कार्बोनेट करते. त्याचे स्फटिक छिद्रांत साचतात, वायूची वाट बंद होते आणि द्रावण आत घुसते. चांदी त्या मानाने सरळ. तिला एकच माल काढायचा असतो आणि तो वायुरूपात आपोआप वेगळा होतो. कार्बन मोनॉक्साइडपासून द्रव इंधन करण्याची फिशर-ट्रॉप्श पद्धत जर्मनीत १९२०च्या दशकापासून ठाऊक आहे. पैज लावायची तर मी चांदीवर लावेन.

आता विजेचे बिल. इथिलीनच्या एका रेणूला बारा इलेक्ट्रॉन लागतात. तीन व्होल्ट धरा, एक इलेक्ट्रॉनही वाया गेला नाही असेही धरा, तरी किलोभर इथिलीनला सुमारे ३४ युनिट वीज लागते. त्यात कर्बवायू खपतो तीन किलोच्या आसपास. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे भिंतीवरच्या प्लगमधून वीज घेतली, तर तीन किलो पकडण्यासाठी आपण जवळपास २४ किलो सोडले. चांदीचा हिशेब इतका वाईट नाही, पण तोही तोट्याचाच. ऊन किंवा वारा यांची वीज असेल तरच हे गणित जुळते, आणि तिथेही आधी विचारावे लागते की तीच वीज थेट बॅटरीत का भरू नये. विमानांच्या आणि जहाजांच्या बाबतीत या प्रश्नाला खरे उत्तर आहे. स्कूटरच्या बाबतीत नाही.