सर्वांत थोर ग्रंथ कोणता?
(साक्षरता वर्गाच्या समारोपाला केलेले भाषण)



आज आपल्या वर्गाचा शेवटचा दिवस. शेवटच्या दिवशी चार उपदेशाचे शब्द सांगावेत, अशी रीत आहे. पण उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकला. आज आम्ही एका भांडणाची गोष्ट सांगणार आहोत. भांडण ऐकायला कोणाला आवडत नाही?

हे भांडण एका गावच्या वर्गात झाले. आम्ही तिथे शिकवायला होतो. वर्गात तीस-पस्तीस माणसे येत. दिवसभर शेतात राबायचे, रात्री भाकरी खाऊन देवळात जमायचे. सहा महिन्यांत सगळ्यांना वाचता येऊ लागले. कोणी भरभर वाची, कोणी अक्षरावर बोट ठेवून वाची. वर्ग संपत आला, तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढली. कोणी रोख पैसे दिले, कोणी ज्वारी दिली. ज्वारी विकून तिचे पैसे केले. या पैशांतून गावासाठी एक ग्रंथ घ्यायचा, असे ठरले.

ग्रंथ कोणता घ्यायचा? एक गडी म्हणाला, "घ्यायचा तर जगातला सगळ्यांत थोर ग्रंथ घेऊ. हलकासलका नको."

झाले! इथेच ठिणगी पडली.

पहिले उठले माळकरी आजोबा. पंढरीची वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. ते म्हणाले, "यात इचारायचं काय? ज्ञानेश्वरी! तिच्यावर ग्रंथ न्हाई."

आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. भगवद्गीता संस्कृतात होती. संस्कृत थोड्यांना येई. शेतकऱ्याला, कुंभाराला, बायाबापड्यांना ते दार बंद होते. ज्ञानेश्वरांनी ते दार मराठीत उघडले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे हा ग्रंथ झाला. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरांनी त्यांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. आणि दाखले कोठले दिले? पाण्याचे, दिव्याचे, शेताचे, आईलेकराचे. आपल्या घरातलेच.

आजोबा बसतात न बसतात, तोच दुसरे एक जण उठले. त्यांचे किराणा दुकान होते. ते म्हणाले, "ज्ञानेश्वरी थोर खरी. पण ती समजायला कोणी समजावून द्यावी लागते. तुकोबाची गाथा घ्या. ऐकली की काळजात जाते. तुकोबा आमच्यासारखा दुकानदार माणूस. दुष्काळात होरपळलेला, दिवाळे निघालेला."

हेही खरे. देहूचे तुकाराम महाराज सतराव्या शतकातले. त्यांच्या गाथेत चार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या पुन्हा वर आल्या, अशी कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. कथा कोणी कशीही मानो. एक गोष्ट मात्र सर्वांना दिसते. हे अभंग लोकांनी गळ्यात जपले. १८६९ ते १८७३ या काळात सरकारच्या मदतीने मुंबईत गाथा छापली गेली. त्याच्या आधी दोनशे वर्षे ती हस्तलिखित वह्यांत आणि टाळकऱ्यांच्या तोंडी जगली.

तिसरा उठला तो मुंबईहून सुट्टीवर आलेला पोरगा. गिरणगावात वाढलेला, चार बुके वाचलेला. तो म्हणाला, "तुम्ही आपल्याच गावात फिरताय. जग बघा की! जगात सगळ्यांत जास्त छापलेला ग्रंथ म्हणजे बायबल. साताशेहून जास्त भाषांत ते सबंध उतरवलंय. आकडा मोठा त्याचा ग्रंथ मोठा."

एकजण लगेच म्हणाला, "मग आकाराने मोजा! महाभारताचे एक लाख श्लोक म्हणतात. आहे कोणाजवळ तेवढे?"

आम्ही मध्ये पडून एक गोष्ट सांगितली. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तो मराठी शिकला. ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीच्या घाटात त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत लिहिली. तो ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण. १६१६ साली तो गोव्यात राचोल येथे छापला गेला. म्हणजे परदेशच्या माणसालाही आपला धर्मग्रंथ इथल्या लोकांपुढे ठेवताना ओवीच धरावी लागली. थोर ग्रंथ एकमेकांचे वैरी नसतात. ते एकमेकांचे बोट धरून चालतात.

हे सगळ्यांना पटले. पण भांडण काही मिटले नाही.

आता कोपऱ्यातून एक तरुण उठला. त्याचा आवाज थोडा कापत होता. तो म्हणाला, "माझ्या आज्याला या देवळाची पायरी चढू देत नव्हते. आज मी इथं बसून वाचतोय. हे कोणत्या ग्रंथानं केलं? भारताच्या संविधानानं. माझ्या मते तोच थोर."

देवळात क्षणभर कोणी बोलले नाही.

त्या तरुणाचे म्हणणे नीट ध्यानात घ्या. संविधान सभेने जवळजवळ तीन वर्षे खपून हा ग्रंथ तयार केला. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तो स्वीकारला गेला आणि २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आणखी एक गोष्ट पाहा. १९५१ साली आपल्या देशात शंभरात अवघ्या अठरा जणांना लिहिता-वाचता येत होते. तरी या ग्रंथाने सगळ्या प्रौढांना मत दिले. आधी शीक, मग मत दे, असे तो म्हणाला नाही. म्हणून पहिल्या निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे लावावी लागली. ज्यांना तो ग्रंथ वाचता येत नव्हता, त्यांच्यावर त्या ग्रंथाने विश्वास टाकला.

मग एक मध्यमवयाचे शेतकरी उठले. एरवी ते फारसे बोलत नसत. ते म्हणाले, "थोर म्हंजे ज्याची सत्ता चालते तो, असंच ना? मग आमच्या घरावर एकाच पुस्तकाची सत्ता चालली. सावकाराची वही! माझ्या पणज्यानं तिच्यावर अंगठा उठवला. त्यात काय लिहिलंय ते त्याला मरेपर्यंत कळलं न्हाई. वावर गेलं, एवढं मात्र कळलं."

पोरे हसू लागली होती, ती गप्प झाली.

हे एका घरचे दुःख नव्हे. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या गावी शेतकरी उठले. त्यांनी सावकारांच्या घरातून खती आणि वह्या बाहेर काढल्या आणि त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेले. शेतकऱ्यांचा मुख्य राग होता तो कागदावर. कारण कागद बोलत होता आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या बचावासाठी कायदा करावा लागला. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या हलाखीचे मूळ अविद्येत आहे, हे त्यांनी त्यात रोखठोक मांडले.

म्हणजे बघा, पुस्तक आपोआप चांगले नसते. वाचता येणाऱ्याच्या हाती ते दिवा होते. न येणाऱ्याच्या गळ्यात ते फास होऊ शकते.

रात्र बरीच झाली होती. पाच जणांची पाच मते झाली होती. प्रत्येकाच्या बाजूला दोन-चार माणसे. आवाज चढू लागले. तेव्हा खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी आजी म्हणाली,

"सगळं खरं बाबांनो. पर मला एक सांगा. जो तो आपल्या ग्रंथासाठी भांडतोय. यातला कोणी आपला ग्रंथ पुरता वाचलाय का?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. माळकरी आजोबांनी ज्ञानेश्वरी ऐकली होती, वाचली नव्हती. दुकानदारांना शे-दीडशे अभंग पाठ होते, गाथा त्यांनी उघडली नव्हती. मुंबईच्या पोराने बायबलाची संख्या वाचली होती, बायबल नाही. तरुणाने संविधानाची चार कलमे ऐकली होती.

आजी आमच्याकडे वळली. "आन् गुरुजी, तुमी?"

मित्रहो, आम्ही खोटे बोलणार नाही. या पाच-सहा ग्रंथांतला एकही आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला नव्हता. ठिकठिकाणचे वाचले होते. त्यावर भाषणे मात्र पुष्कळ केली होती. त्या रात्री भर वर्गात आम्हांला मान खाली घालावी लागली.

मग आजीनेच पुढची गोष्ट सांगितली. "माझ्या घरी माळ्यावर एक पोथी हाय. सासऱ्यांची. लाल फडक्यात बांधलेली. दर एकादशीला मी तिला हळदकुंकू वाहते. ती कशाची हाय, ते मला ठाव न्हाई."

पोरगे धावत गेले. पोथी आली. गाठ सुटता सुटेना. शेवटी फडके उलगडले. ती ज्ञानेश्वरी होती! दुसऱ्या दिवशी पाटलांच्या देव्हाऱ्यात गाथा निघाली. तिलाही फुले वाहिलेली होती. गावात दोन थोर ग्रंथ होतेच. दोघांनाही गाव नमस्कार करीत होते, आणि दोघेही मुके पडून होते.

पुस्तकाची पूजा करणे वाईट नाही. पण पुस्तक उघडणे ही त्याची खरी पूजा. संत एकनाथांनी काय केले? ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता तिच्यात चुका शिरल्या होत्या. एकनाथांनी नुसते हात जोडले नाहीत. त्यांनी ती ओवी-ओवी तपासली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. ग्रंथ वाचणाऱ्यांमुळे जगतो.

आता त्या भांडणाचा निकाल ऐका. वर्गणीचे पैसे तसेच शिल्लक होते. ज्ञानेश्वरी आणि गाथा घरातच सापडल्या होत्या. मग सगळ्यांनी मिळून संविधानाची मराठी प्रत मागवली. माळकरी आजोबांनी स्वतः पुढे होऊन तसे सुचवले. तीन ग्रंथ देवळात एका फळीवर ठेवले. रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचायची, वाचणारा रोज बदलायचा, असा नेम केला. पहिल्या रात्री वाचायला त्या आजीलाच बसवले. एक ओवी वाचायला तिला बराच वेळ लागला. पण कोणी मध्ये बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ते सगळे झाले. पण थोर ग्रंथ कोणता, ते सांगा ना!"

आपण ज्वारी मापाने मोजतो, कापूस वजनाने, जमीन गुंठ्याने. ग्रंथाला माप कोणते? खप धरला तर एक ग्रंथ मोठा, आकार धरला तर दुसरा. आम्ही माप धरतो ते असे: ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांतल्या किती जणांना या ग्रंथाने आत घेतले? या मापाने ज्ञानेश्वरी थोर, गाथा थोर, संविधानही थोर. यांतला एक निवडायचा, तर तीनही वाचलेल्यानेच निवडावा. ऐकीव मालावर बोली लावू नये.

आणि शेवटी एक नाव सांगतो. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, मृत्यू १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत. घरच्यांनी त्यांतल्या काही लिहून ठेवल्या. बाई गेल्यावर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. आज ते मराठीतले मोठे पुस्तक मानतात. पण त्यांच्या कितीतरी ओव्या लिहून घेतल्याच गेल्या नाहीत. त्या वाऱ्यावर गेल्या.

तुमच्याही घरात गाणी आहेत, म्हणी आहेत, आजीच्या गोष्टी आहेत. आता तुमच्या हातात पाटी-लेखणी आहे. त्यांना वाऱ्यावर जाऊ देऊ नका. एक वही घ्या आणि लिहून ठेवा.

घरी गेल्यावर आधी माळा पाहा. लाल फडक्यात काही बांधलेले आहे का? असेल तर गाठ सोडा. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येऊ. तेव्हा थोर ग्रंथ कोणता यावर खुशाल भांडू. पण जो वाचून येईल, त्यालाच बोलू देऊ.

तोवर रामराम.