मोटारीची विजेची वर्गणी
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



30 आणि 31 जुलै 2012 हे दिवस आपण दिल्लीकर विसरलेलो नाही. उत्तर भारताचे ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळले, मेट्रोही थांबली. काही वाहिन्यांवर पेलवेल त्याहून अधिक भार आला होता. विजेचे असेच आहे. मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळावा लागतो.

आज दुपारी सौरवीज भरपूर मिळते. पण सूर्य मावळतो आणि घरोघरी एसी सुरू होतात. दुपारची वीज संध्याकाळसाठी ठेवायची कुठे? एक जागा आपल्या इमारतीखालीच उभी आहे. विजेवरची मोटार दिवसातले बहुतेक तास उभीच असते. दुहेरी चार्जर तिच्या बॅटरीत वीज भरतो आणि गरज पडली की बॅटरीतील डीसी विजेची एसी करून ग्रिडला परत देतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत विलेट केम्पटन आणि स्टीव्हन लेटेंड्रे यांनी ती 1997 मध्ये मांडली. जपानमध्ये 2011 च्या भूकंपानंतर, 2012 मध्ये, निसान लीफ मोटारीतून घराला वीज देणारी यंत्रणा बाजारात आली. तिची बॅटरी 24 युनिटांची होती.

आता हिशेब पाहा. एका मोटारीने 3 किलोवॅटने दोन तास वीज दिली, तर 6 युनिटे होतात. हे किरकोळ वाटेल. पण एक लाख मोटारी जोडल्या, तर 300 मेगावॅट! आपल्या मंडळाची वर्गणी अशीच जमते ना?

मात्र वर्गणी जबरदस्तीची नसावी. रात्री कुणाला दवाखान्यात न्यावे लागले आणि बॅटरी रिकामी निघाली तर? म्हणून किती वीज राखून ठेवायची, हे मालकानेच ठरवावे. जास्त वापराने बॅटरी झिजते. त्याचा मोबदला दरात धरला पाहिजे. आणि ग्रिड बंद पडताच चार्जरने वीज सोडणे तत्काळ थांबवलेच पाहिजे. नाहीतर बंद समजून तारेला हात लावणारा लाइनमन जिवाला मुकेल.

म्हणून माझी एक विनंती आहे. सोसायटीत चार्जर बसवण्याचा विषय निघेल, तेव्हा फक्त किंमत विचारू नका. "हा वीज परत देऊ शकतो का? कोणत्या अटींवर?" हेही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!