एक सुरुवात, चार शब्द

उंच इमारतींत जिन्यापाशी लाल रंगाचा जाडजूड नळ दिसतो, तो फायर हायड्रंट. खाली रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा हात हायड्रॉलिक. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हायड्रोजन. तिन्ही शब्दांची सुरुवात सारखी, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पाणी’. हायड्रंटमधून आग विझवायला पाणी मिळतं. हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं, म्हणून १७८७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. जेसीबीत पाण्याऐवजी तेलाचा दाब असतो, नाव मात्र टिकलं. चौथा शब्द हायड्रोफोबिया: रेबीजला हे नावही आहे, कारण रुग्णाला पाण्याची धास्ती बसते. विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी शब्द असे गटागटाने शिका. घोकंपट्टी कमी होईल आणि अर्थ कायमचा लक्षात राहील.