ओटा बघून गाडी घ्यायला निघालो होतो

आज आमच्या गटाच्या गाडीबद्दल बोलायचंय. घेतलेल्या गाडीबद्दल थोडं, आणि घेता घेता राहिली तिच्याबद्दल जास्त.

आमचा बारा जणींचा बचत गट. आठवडी बाजारात आम्ही पिठलं-भाकरी, ठेचा विकतो. भांडी, शेगड्या, मांडव सगळं भाड्याच्या टेम्पोतून न्यायचं, म्हणजे निम्मा नफा टेम्पोवाल्यालाच. म्हणून ठरवलं, आत स्वयंपाकघर केलेली एखादी जुनी डिझेल गाडी घ्यायची.

तशी एक तालुक्याला मिळाली. आत स्टीलचा ओटा, बेसिन, दोन शेगड्या, पाण्याची टाकी. आम्ही आत शिरलो ते तिथंच रमलो. परात कुठं मावेल, डबे कुठं लावायचे, सगळं ठरलंसुद्धा. मालक 3 लाख 60 हजार म्हणाला. वर, "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." आम्ही 10 हजार इसार काढायला पिशवीत हात घातला होता! स्वयंपाकघर आम्हाला कळतं, म्हणून तेवढंच बघितलं. गाडी कुणी बघितलीच नाही.

अडवलं ते खजिनदार काकूंनी. त्यांचा भाचा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याला घेऊन सकाळी साडेसहाला येतो, तोवर गाडी चालू करू नका, असा निरोप मालकाला दिला. गेलो आणि काकूंनी बॉनेटवर हात ठेवला, तर गरम! डिझेल इंजिन गार असताना किती सेल्फ मारावा लागतो, धूर कसा येतो, हेच बघायचं असतं. ते आधीच तापवून ठेवलेलं. मग आम्हीही तिथंच बसलो. मालकाचा चहा दोनदा झाला, पण ते पुरतं गार होईपर्यंत उठलो नाही.

चालू करताना पाच-सहा वेळा सेल्फ मारला, मग निळा धूर, आणि तो थांबेचना. भाच्यानं सांगितलं, निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर फार असेल तर एअर फिल्टर किंवा नोझलचं काम असू शकतं. पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहिला तर पाणी आत जात असेल. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर भपाभप वाफ मारत होती, म्हणजे रिंगा झिजलेल्या. ऑइलची पट्टीही काढून बघायची, दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर त्यात पाणी मिसळलंय. टायरवर चार आकडे असतात, 2217 म्हणजे 2017 सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. ओट्याखालचं मॅट उचललं, तर खालचा पत्रा पाण्यानं कुजलेला. आमच्या लाडक्या ओट्याखाली!

कागद तर त्याहून वाईट. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला, तर फिटनेस संपलेलं आणि फायनान्सचा बोजा अजून चढलेला. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवायचा. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आणि त्या गाडीच्या आरसीवर नुसती मालवाहू लिहिलेलं, आतल्या स्वयंपाकघराचा पत्ताच नाही. असा बदल आरटीओची परवानगी घेऊनच करायचा असतो. नाहीतर अपघात झाला की विम्याला अडचण.

परत येताना जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं. दोघी तर काकूंवर रुसल्याच होत्या. चांगलं हातचं गेलं म्हणे.

दोन महिन्यांनी बंद बॉडीचा रिकामा टेम्पो मिळाला, 2 लाख 70 हजारांना. या वेळी आत कुणी शिरलंच नाही, आधी बॉनेटवर सगळ्यांचे हात. गार होतं. रक्कम सगळी गाडीत घातली नाही, 40 हजार टायर, बॅटरी आणि ऑइलसाठी मागं ठेवले, ते महिन्याभरात लागलेही. ओट्यासाठी आरटीओत अर्ज दिलाय. परवानगी येईपर्यंत शेगड्या खाली उतरवूनच मांडतो.

ओट्याची उंची मात्र आत्ताच मोजून ठेवली आहे. रुसलेल्या दोघींनीच मोजली.