फ्यूज कुठे लावायचा?



मी कोल्हापुरात गाड्यांचं वायरिंग करतो. बॉनेट उघडलं की लोक ऑइल बघतात, रेडिएटरमधलं पाणी बघतात. वायरींकडे कुणी बघत नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे सगळं ठीक, असा आपला समज. माझाही तोच होता. तो कसा मोडला, ते आधी सांगतो.

१९९४ चा पावसाळा. एक शिक्षक सहकुटुंब रत्नागिरीला निघाले होते. आंबा घाटात धुकं असतं, म्हणून त्यांनी पुढे दोन जादा दिवे बसवायला सांगितले. मी घाईत होतो. बॅटरीपासून वायर ओढली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून आत नेली, स्विचजवळ फ्यूज लावला. दिवे झकास लागले. मी पैसे घेतले.

घाटात बॉनेटखालून धूर आला. नशिबानं त्यांनी गाडी लगेच थांबवली, मुलांना उतरवलं आणि बॅटरीची वायर काढली. चार दिवसांनी गुरुजी आले. रागावले नाहीत. जळालेली वायर टेबलावर ठेवून म्हणाले, "फ्यूज शाबूत आहे बघ. मग वायर का जळली, एवढं मला समजावून सांग."

भोकाच्या धारदार कडेवर घासून वायरचं प्लॅस्टिक कापलं गेलं होतं. आतलं तांबं पत्र्याला टेकलं. गाडीचा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर करंट घेतात; पण असा शॉर्ट झाला, तर बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. फ्यूज होता पुढे, केबिनमध्ये. हा करंट त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. फ्यूज दिव्यापेक्षा वायरीला वाचवण्यासाठी असतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा.

दुसरं, वायर पत्र्यातून जाते तिथे भोकात रबरी ग्रोमेट हवंच. तिसरं, वायरी सायलेन्सरच्या पाइपापासून, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवाव्यात. पेट्रोलच्या किंवा ब्रेकच्या नळीला त्या कधीही बांधू नयेत. चिरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत घालून वीतभर अंतरावर टाय मारावा. नळीची चीर खाली ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही. पण सगळं ताणूनही बांधू नका. इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते हलतं. बॉडीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या वायरीला थोडी ढील लागते.

साधी चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेनं सुटते. तिथे कापडी टेप वापरावी. नुसता पीळ देऊन केलेला जोड पावसात हिरवा पडतो आणि गरम होतो. पावसाळ्यात उंदीरही उबेला येतात. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर अधूनमधून बॉनेट उघडून बघा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मोठा फ्यूज घालू नका. तार गुंडाळणं तर नकोच. कारण शोधा.

हे घरी बघता येतं. इंजिन गार असताना विजेरी घेऊन पाच मिनिटं बघा. कुठे घासलंय, कुठे काळं पडलंय, कुठे लोंबतंय? काम करायचं झालं, तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत मात्र नारिंगी वायरींना हात लावू नका. त्यांत जीवघेणा दाब असतो. ते काम शिकलेल्या माणसाचंच.

गुरुजींच्या गाडीचं वायरिंग मी नव्यानं करून दिलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "आता मुलांना बसवू ना?" आजही कुठल्याही गाडीचं बॉनेट लावताना तो प्रश्न मी स्वतःला विचारतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)