माळ्यावरची ओल सगळ्यांची
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



२५ वर्षांच्या आठवणी सांगायला इथे पुष्कळ जण आहेत. मला मिळालेली पाच मिनिटं मी एका साध्या विषयाला देणार आहे: आपल्या घरातला पोटमाळा आणि तिथली बुरशी. हसू नका, विषय पैशाचाही आहे आणि शेजारधर्माचाही.

माळ्यावर आपण काय ठेवतो? गाद्या, बॅगा, मुलांची पुस्तकं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घराचा करारनामा, सोसायटीचं भागपत्र, वडिलांची पत्रं. पावसाळ्यात माळ्याचं दार उघडतं ते एकदाच, गणपतीचं मखर काढायला. तेव्हा कुबट वास येतो आणि मग धावपळ सुरू होते.

बुरशीला लागतं अन्न आणि पाणी. कागद, पुठ्ठा, लाकूड, कापूस हे अन्न माळ्यावर आहेच. त्यामुळे आपल्या हातात राहतं फक्त पाणी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, की बुरशी धरू लागते. पाण्याची वाट बंद न करता वरून रंग मारणं म्हणजे थकलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देऊन खातं नियमित दाखवणं! दिसायला चांगलं, आतून पोकळ.

पाणी कुठून येतं ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी भिंतीला डकवा आणि एक दिवस ठेवा. मागच्या बाजूला पाणी साचलं, तर ओल भिंतीतून आहे. पुढच्या बाजूला साचलं, तर ती हवेतल्या दमटपणाची. पांढरी भुकटी पाण्यात विरघळली, तर ती बुरशी नसून लोणा आहे. पण लोणा आला म्हणजेही भिंतीत पाणी मुरतंय.

साफ करताना कोरडा झाडू मारू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. मास्क, हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. बुरशी आतपर्यंत गेलेल्या गादीचा मोह सोडा. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, त्यांनी बुरशी जात नाही. सामान भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आणि महत्त्वाचे कागद माळ्यावर नकोतच.

आता मुद्द्याचं. "वरच्यांचं गळतंय, आमचा काय संबंध?" हे वाक्य आपण सर्वसाधारण सभेत ऐकलं आहे. संबंध आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि बाहेरच्या सामायिक पाइपांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. घरातल्या नळाची गळती मात्र ज्याची त्याने. दुरुस्ती निधी आपण याचसाठी भरतो. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, आणि आपण आता त्या वयात आहोत. मुरणारं पाणी स्लॅबमधल्या सळईला गंज आणतं, आणि ती सळई एकट्या वरच्या मजल्याची नसते.

दुसरं असं, की काही जण ओल लपवतात. बोभाटा झाला तर फ्लॅटची किंमत उतरेल, ही भीती. पण लपवलेली ओल व्याजासकट वसुली करते. डाग दिसताच लेखी अर्ज द्या, आणि कमिटीने त्याची पोच द्यावी.

माझी विनंती दोनच गोष्टींची. मे महिन्यात गच्ची आणि पावसाच्या पाइपांची तोंडं साफ व्हावीत. आणि ऑक्टोबरच्या उन्हात प्रत्येकाने माळा रिकामा करून सामान वाळवावं. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी वयस्कर मंडळी आहेत, त्यांना शिडी चढवत नाही. तरुणांनी त्यांचा माळाही उतरवून द्यावा.