रेशीम कुटणाऱ्या बारा जणी

राजदरबाराचं चित्र म्हटलं की सिंहासन, सोन्याचे खांब, मुजरा करणारे सरदार डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही चीनमधल्या ज्या चित्राबद्दल सांगणार आहोत, त्यात यातलं काहीच नाही. त्यात आहेत बारा बायका-मुली, आणि त्यांचं काम.

चित्र रेशमी कापडावर आहे. उंची 37 सेंटिमीटर, लांबी जवळजवळ दीड मीटर. मूळ चित्र आठव्या शतकातल्या झांग श्वान या चित्रकाराचं. ते आता उरलं नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट हुइझोंगच्या दरबारात त्याची नक्कल झाली, ती आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

हे चित्र उजवीकडून डावीकडे उलगडत बघायचं. आधी चौघी, हातात उंच मुसळं. नवं रेशीम ताठ असतं, ते कुटून मऊ करतात. एकीने मुसळ टेकवून बाही वर सारायला घेतलीय. पुढे दोघी बसलेल्या, एक सूत काढतेय, एक शिवतेय. शेवटी दोघींनी लांब पांढरं कापड ताणून धरलंय आणि निखाऱ्यांच्या भांड्याने त्यावर इस्त्री चाललीय.

मागे भिंत नाही, झाड नाही, जमीनसुद्धा रंगवलेली नाही. तरी जागा कळते. चौघी समोरासमोर उभ्या, म्हणून मधे अंगण तयार होतं. कापड ताणलेलं, म्हणून दोघींमधलं अंतर दिसतं. कुटण्याचा दणका, मग शिवणाची शांतता, मग कापडाचा ताण, असा चित्राचा भाव बदलत जातो. चीनच्या जुन्या कवितांत कापड कुटण्याचा आवाज आला, की सीमेवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई आलीच. इथेही कुणी हसत नाही, कुणी आपल्याकडे बघत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. केसांत फण्या, अंगावर भारी वस्त्रं, आणि घामाचा थेंब नाही. कुटायला अशी नटून कोण बसतं? कष्ट राजाला बघवतील इतकेच रंगवलेत. पण शेगडीला वारा घालणारी पोर बघा. धग लागते म्हणून तिने तोंड फिरवलंय. आणि ताणलेल्या कापडाखाली एक चिमुरडी वाकून शिरलीय. सगळ्या कामात आहेत, तिला रागवायला कुणाला वेळ नाही.